जावयाचं वाण

अधिक महिना होता, म्हणून कुंदाताईंनी तेहतीस अनारसे तळले आणि ताम्हनात दिवा लावून तियागोसमोर ठेवले. "जावयाचं वाण आहे," त्या म्हणाल्या.

टेबलावरच्या दुभाष्या यंत्राचा दिवा पिवळा झाला. "शब्द इथल्या लोकमताप्रमाणे सौम्य केला आहे," तो त्यांच्या कानात म्हणाला. दोघांच्या कानांत त्याचे बोळे घट्ट बसलेले, मूळ आवाज आत येतच नव्हता. काढले तर तियागोचा व्हिसा रद्द.

त्यांचा लेक नचिकेत असता तर मध्ये बोलला असता. तो वारला त्याला आठ महिने झाले होते. पोर्तुगालहून तो फोनवर हसायचा, "इथे दुभाष्या सरळ 'नवरा' म्हणतो गं. तुमच्या हद्दीत शिरला की 'मित्र'. काही देशांत तर नुसता खोकतो."

"माझ्या लेकाचा नवरा," कुंदाताई म्हणाल्या. पिवळा.

"माझा जावई." पिवळा. तियागो पाहुण्यासारखा मान डोलवत खात होता.

"मेल्या, जीभ झडो तुझी," त्या दुभाष्यावर करवादल्या. दिवा हिरवा झाला. तेवढं मात्र त्याने चोख पोचवलं. तियागोने उष्टा अनारसा हळूच खाली ठेवला.

कुंदाताईंनी तोच अनारसा उचलला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. त्याचे डोळे भरले. तो काहीतरी एकच शब्द बोलला.

"काकू," दुभाष्याने सांगितलं. दिवा पिवळा होता.

काकू म्हणताना ओठांचा चंबू होतो. तियागोचे ओठ आधी उघडले होते आणि मग पसरले होते, त्यांना हाक मारताना नचिकेतचे व्हायचे तसेच.