काकांची शेवटची वायर

"आजची शेवटची संधी, काका," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "कुठलीही वायर ओढा."

वायरमनकाका हसले. आज ते निवृत्त होत होते आणि हा खेळ चार वर्षं चालला होता.

त्यांची कंपनी इस्पितळांना संगणकांची जाळी उभारून द्यायची. आराखडे ही मुलगी काढायची. एखादी वायर तुटली तरी एकही संगणक अडून बसू नये, जाळ्यानं आपला आपण दुसरा रस्ता धरावा, हा तिचा हट्ट. चाचणीच्या खोलीत बारा संगणक जोडलेले होते. प्रत्येक पडद्यावर हिरवा ठिपका. संपर्क तुटला की लाल. रोज चहाच्या आधी काका टेबलाखाली शिरत आणि मनाला येईल ती वायर उपटत.

सुरुवातीला ठिपके पटापट लाल होत. "घ्या, पेशंट वाऱ्यावर," काका म्हणत. ती नाक फुगवून बसे आणि आराखडा पुन्हा काढे. काका एक कच्ची जागा हेरत. दुसऱ्या दिवशी तिथे पर्यायी वाट तयार असे.

गेल्या दीड वर्षात मात्र एकही ठिपका लाल झाला नव्हता. तेच जाळं आता तीन इस्पितळांत बिनबोभाट चालत होतं. काकांना त्याचा अभिमान होता आणि थोडी खुमखुमीही. "जाण्याआधी एकदा तरी तुझी जिरवीन," असं ते महिनाभर म्हणत होते.

सगळं ऑफिस जमलं. काका टेबलाखाली शिरले. बाहेर नुसते त्यांचे बूट दिसत होते. ती कीबोर्डवर हात ठेवून शांत बसली होती.

"ओढू का गं?"

"ओढा की."

खालून "आई गं" असं काहीसं ऐकू आलं आणि बाराही ठिपके लाल झाले.

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. तिनं कपाळाला हात लावला. "हरले, काका. दीड वर्षाचा तोरा उतरवलात."

दोघांनी धरून काकांना बाहेर काढलं. कुठली वायर, म्हणून सगळ्यांनी पिच्छा पुरवला. पण काका नुसते गालातल्या गालात हसत राहिले.

संध्याकाळी घरी बायकोनं त्यांच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी लावली. "अहो, मला तरी सांगा. कुठली वायर ओढलीत?"

काकांना हसू आवरेना.

"कुणाला बोलू नकोस हं. खाली वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली, की माझा हात वायरपर्यंत पोचलाच नाही."