संपर्क सत्र

शेवंती तिसऱ्या बाकावर बसली आणि पाच मिनिटांत तिच्या शेजारच्या दोघी उठून मागे गेल्या.

खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या शाळेत त्या रविवारी पत्रद्वारा बी.ए. करणाऱ्यांचं संपर्क सत्र होतं. पोस्टाने आलेल्या कॅसेटमधून वर्षभर ज्या सरांनी अर्थशास्त्र शिकवलं, ते आज समोर दिसणार होते. हॉलमध्ये शंभरावर माणसं जमली होती. वागळे इस्टेटमधले कामगार, बँकेतले शिपाई, दोन-चार नर्सा.

शेवंती पहाटे दोनदा न्हाली होती. आधी शिकेकाई, मग लिंबू. बाजाराची टोपली आज सासूने, जनाबाईने, स्वतःच्या डोक्यावर घेतली. "जा गो बाय. सर भेटनार ना आज तुजा? मग टोपलीला हात नको लावू."

कॉलेज तिने एकदा करून पाहिलं होतं. बाक तिथेही असेच रिकामे व्हायचे. कॅसेटचं तसं नव्हतं. ओट्यावर टेप लावायचा, समोर सुकट निवडायची, मधेच वहीत लिहायचं. सर जणू तिच्या एकटीशीच बोलायचे. वर्गात तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. इथे प्रश्न पोस्टाने पाठवता यायचा. तिने नऊ पाठवले. नवव्याच्या उत्तराखाली सरांनी लिहिलं होतं, 'वीस वर्षांत हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही. सत्राला जरूर या. तुम्हाला भेटायचं आहे.'

तेवढ्यासाठी ती आली होती.

सर आत आले. आवाजावरून वाटले होते त्यापेक्षा बुटके, आणि चांगलेच म्हातारे. पहिल्या रांगेपाशी थबकले.

"कुणाच्या डब्यात मासळी आहे का हो?" ते हसून म्हणाले. "बाहेर ठेवा. दुपारी सगळे मिळून खाऊ."

"दुपारपर्यंत कोण जगतंय, सर!" मागून एकजण म्हणाला. हॉल हसला.

शेवंतीने हळूच तळहात नाकाशी नेला. लिंबाचा वास होता. मग तिची नजर समोरच्या वहीवर गेली. वर्षभर सुकटीच्या हातांनी लिहिलेली वही. स्वतःला घासघासून धुतलं, आणि वही तशीच घेऊन आली.

"माझाच डबा आहे, सर," ती म्हणाली. वही पदराखाली घेतली आणि बाहेर पडली.

व्हरांड्याच्या पार टोकाला कठड्यावर तिने वही ठेवली आणि परत दाराशी आली. मागे गेलेल्या दोघी तिसऱ्या बाकावर परतल्या होत्या. एकीने खिडकी सताड उघडली. "आता कसं बरं वाटतंय," ती म्हणाली. दुसरीने शेवंतीच्या जागेवर आपली पर्स ठेवली.

शेवंतीचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. ती दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

आत सरांनी एक अंतर्देशीय पत्र उलगडलं. "हे नीट ऐका. 'संध्याकाळी मासळीचा भाव उतरतो, तो माल जास्त असतो म्हणून नाही. आमची मासळी उद्यापर्यंत थांबू शकत नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं म्हणून. मग ज्याला थांबता येत नाही, त्याच्याबद्दल पुस्तकात काय लिहिलंय?'"

आता कुणी हसलं नाही.

"शेवंती नाखवा," सर म्हणाले. "कोण आहेत? हात वर करा पाहू."

बाक करकरले. माणसं वळून वळून एकमेकांकडे बघू लागली. सर बराच वेळ थांबले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आलेल्या दिसत नाहीत," ते म्हणाले.

बाहेर, भिंतीपलीकडे, शेवंतीने हात वर केला होता. सर पुढच्या धड्याकडे वळले, तरी तो वरच होता.