वाडग्यावरची टोपी

विकायला विणलेली बाळाची टोपी पुन्हा मान टाकून बसली. तिने ती पालथ्या घातलेल्या स्टीलच्या वाडग्यावर ओढली आणि काठाखालची चकाकी पांढऱ्या कागदाच्या पट्टीने झाकली. पहिल्या फोटोत तिथे तिचंच ध्यान उमटलं होतं: विस्कटलेले केस, फोन धरलेले हात, मागे वाळत घातलेली दुपटी. तेव्हापासून फोटो मोठा करून चकाकी तपासायची सवयच जडली.

खिडकीशी स्टूल, त्यावर पांढरा कार्डशीट, उजेड परतवायला फॉइल चिकटवलेला पुठ्ठा. एवढाच तिचा स्टुडिओ.

पाळण्यात बाळ रडायला लागलं. पाठोपाठ खालून काठीचे ठोके. ठक, ठक. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचं नाव तिने ठकठकबाई ठेवलं होतं. सहा महिन्यांत जिन्यात एकदाच गाठ पडली.

"झोपत नाही वाटतं?" म्हातारीने विचारलं होतं.

टोमणाच तो. ती मान खाली घालून जिना चढून गेली. त्यात बाळही असं फितूर, की ठोके ऐकून गप्प व्हायचं.

नवरा कामासाठी परगावी. फोनवर म्हणाला, "अगं, एक गिऱ्हाईक म्हणजे काही धंदा नव्हे. महिनाभर बघ, नाहीतर गुंडाळ."

ते एक गिऱ्हाईक म्हणजे 'पिल्लूची आई'. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात हिने लावलेली टोप्यांची चिठ्ठी वाचून तिने मेसेज केला होता. विणलेली टोपी हिने त्याच दुकानात ठेवायची, पिल्लूच्या आईने सवडीने न्यायची. चार टोप्या झाल्या, पण खरेदीपेक्षा गप्पाच जास्त.

"आज सकाळपासून किरकिर चाललीय हो आमच्याकडे," पिल्लूची आई लिहायची.

"आमच्याकडेही. दात येत असतील का?"

"थंड चमचा फिरवा हिरड्यांवरून. आणि तुम्ही जेवलात का?"

असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. धंदा गुंडाळला, की हेही गेलं.

शेवटी तिने धीर करून लिहिलं, "पिल्लूचा टोपी घातलेला फोटो पाठवाल? खऱ्या बाळाच्या डोक्यावर दिसली, तर आणखी गिऱ्हाइकं येतील."

तीन दिवस उत्तर नाही. बाळाचं दुपटं बदलता बदलता ती स्वतःला बोल लावत राहिली. होतं नव्हतं ते एक माणूस हावरटपणाने घालवलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोटो आला. बाळ नव्हतंच. पालथा वाडगा, वर पिवळी टोपी.

"डोक्यात घालूच देत नाही. म्हणून तुमच्यासारखं केलं. चालेल ना?"

उजेड सुरेख पडला होता, अगदी तिच्या खिडकीतून पडतो तसा. कागदाची पट्टी तेवढी लावायची राहिली होती. सवयीने तिने फोटो मोठा केला.

चकाकीत फोन धरलेले सुरकुतलेले हात. पांढरे केस. मागे, भिंतीला टेकवलेली काठी.

पाळणा हलला. बाळाने सूर लावला.

हातातला फोन थरथरला.

"उठलं वाटतं आमचं. थांबा हं."

आणि खालून, ठक, ठक.