सात नंबरचं बाळ

टेबलावर अकरा बाळं ओळीने निजवलेली होती. सहा गोरी, तीन सावळी, दोन काळी. एकाच्या पायात मोजा एकच. प्रत्येकाच्या पोटात छोटा संगणक होता. बाळ भुकेलं राहिलं, मान लटकली, कुणी गदागदा हलवलं, की तो निमूटपणे टिपून ठेवायचा.

बारावं, सात नंबरचं, अजून यायचं होतं.

कॉरिन व्हँडरस्लूटने घड्याळ पाहिलं. सव्वीसशे मुलांच्या त्या शाळेत बालसंगोपनाचा वर्ग तिनेच सुरू केला होता. मुलांनी गुरुवार ते सोमवार एकेक बाहुली सांभाळायची, घरी आणि शाळेतही. क्षणभरही दुसऱ्याकडे द्यायची नाही. दिली तर नापास. बारा जणांतल्या दोघांना तळमजल्यावरच्या पाळणाघरात मदतनीस म्हणून नेमलं जाई. तिथे शिक्षकांची मुलं असत. तिथले तास भरले की राज्याचं प्रमाणपत्र, आणि शाळा संपताच नोकरी.

शेल्बी बर्खोल्डरला ते प्रमाणपत्र हवं होतं. तिला कॉलेजात पाठवणारं घरी कुणी नव्हतं.

कॉरिनचा एमेट, नऊ महिन्यांचा, त्याच पाळणाघरात असायचा. सप्टेंबरात सोडताना आकांत करायचा. आता तिथल्या डॉटीबाईंच्या हातात दिला की चूं नाही. आजही बर्फाने भिजलेला कोट न काढताच कॉरिन त्याला देऊन आली होती.

"किती शहाणा झालाय हो," ती म्हणाली होती.

"माझ्याकडे कुणी रडत नाही," डॉटीबाई हसून म्हणाल्या होत्या. "जा तू निवांत."

त्यांच्या हातात जादू आहे, असं कॉरिन सगळ्या शिक्षकांना सांगायची.

दार उघडलं. शेल्बी आत आली. मुदत संपून बाळाच्या पोटातलं यंत्र पहाटेच बंद झालं होतं, तरी तिचा तळवा बाहुलीच्या मानेखाली होता. मला दाखवायला, कॉरिनच्या मनात आलं.

"आल्या आईसाहेब!" मागच्या बाकावरून ट्रिस्टन ओरडला. "जिवंत आहे का गं पोरगं?"

"तुझ्यापेक्षा कमी रडतं," शेल्बी म्हणाली. वर्ग हसला.

कॉरिनने बाहुलीला वायर जोडली. प्रत्येकाचा निकाल ती भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायची, सगळ्यांसमोर. लाज वाटली की माणूस शिकतो, असं तिचं मत होतं.

मान न सावरणं: शून्य. दूध चुकणं: शून्य. न थांबवलेलं रडणं: बावीस मिनिटं. जोरात हलवणं: तीन वेळा.

हसू थांबलं. मग कुणीतरी तोंडाने खुळखुळ्याचा आवाज काढला.

"तीन वेळा," कॉरिन म्हणाली. "खऱ्या बाळाचं काय झालं असतं, शेल्बी?"

"मेंदूत रक्तस्राव."

"मोठ्याने. मागे ऐकू जाऊ दे."

"मेंदूत रक्तस्राव होतो, मिस. पण मी नाही हलवलं."

"मग काय भुताने हलवलं?" कॉरिनने तिचं मनगट धरून वर केलं. मनगटावर निळा पट्टा होता. तो यंत्राजवळ नेल्याशिवाय बाहुलीचं रडणं थांबत नसे, आणि एकदा बांधला की कापल्याशिवाय निघत नसे. "हा तुझ्याच हातात आहे ना? यंत्राचं तुझ्याशी काही वैर आहे का?"

 शेल्बीचे कान लाल झाले होते.

गेल्या वर्षी जेवणाच्या हॉलमध्ये हिने एका मुलीवर ताट भिरकावलं होतं, ते कॉरिनला आठवलं. असा हात कधी ना कधी उठतोच.

"खाली माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "त्याच्या पाळण्याजवळ मी तुला उभी करीन, असं वाटलं तुला?"

"मिस, मला ते तास हवेत. हवं तर पुन्हा बाळ द्या. दोन आठवडे द्या."

"तुझ्या हातात मी आता मांजरही देणार नाही."

ट्रिस्टन फिस्सकन हसला. कॉरिनने त्याला अडवलं नाही. तिने कात्री घेतली आणि पट्टा कापला. मनगटावर लाल वळ उमटला होता. मदतनीसांच्या यादीतलं शेल्बीचं नाव खोडून तिने तिथे दुसऱ्या मुलीचं लिहिलं.

शेल्बीने दप्तर उचललं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आता नापास केलंच आहे तुम्ही, म्हणून सांगते. शुक्रवारी दुसऱ्या तासाला गणिताची परीक्षा होती. सरांनी बाळ आत नेऊ दिलं नाही. मग मी ते दुसऱ्यांकडे ठेवलं. नियम मोडला मी. पण हलवलं नाही."

"कुणाकडे?"

"पाळणाघरात. डॉटीबाई म्हणाल्या, ठेव गं, सगळी माझीच बाळं. फक्त ते रडायला लागलं असेल तर त्यांना थांबवता आलं नसेल. पट्टा माझ्या हातात ना."

वर्गात कुणी हसलं नाही.

निकालाच्या पानामागे आणखी एक पान असायचं, वेळांचं. ते उघडायची गरज कॉरिनला आजवर कधी पडली नव्हती. तिने ते उघडलं. पडदा चालूच होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवार, दुसरा तास. रडणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हलवेपर्यंतचा वेळ: अकरा सेकंद.