सत्तरीतली शैलजा

नवी पेन्शन योजना आणायची, तर तिच्यात आपलं म्हातारपण कसं जाईल ते आधी प्रत्येक कामगाराला पडद्यावर दाखवायचं, असा कायदाच होता. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करणारी शैलजा मागच्या योजनेत म्हातारपणी उपाशी दिसली, म्हणून सरकारने ती योजना कारखान्याच्या फाटकातच अडवली होती.

आज शैलजा चौगुले नव्या योजनेसाठी पडद्यासमोर बसली. संगणकाने घडवलेली सत्तरीची शैलजा समोर आली. केस ओले होते.

"बरं चाललंय ना?" आजच्या शैलजानं घाबरत विचारलं.

"शेअर बाजार दोनदा कोसळला गं, पण पेन्शन एकदाही चुकली नाही. आत्ताच पोहून आले."

"मी? मला तर पाण्याची भीती वाटते!"

"साठीनंतर गेली."

शैलजा खळखळून हसली. योजनेला होकार देऊन बाहेर येताच तिनं मैत्रिणीला विचारलं, "स्विमिंग टँकवर बायकांची बॅच कधी असते गं? साठीपर्यंत कोण थांबतंय!"