आत्याचं सूप

सुट्टीच्या रात्री बंदरावर आतषबाजी सुरू झाली, तशी जेवणाच्या बोटीवरची सगळी माणसं ताटं टाकून डाव्या कठड्याशी धावली. गुडघे धरलेत म्हणून आत्या टेबलापाशीच राहिली आणि तिच्या सोबतीला मी.

“हे बघ गं,” ती म्हणाली. तिच्या वाडग्यातलं सूप डावीकडे पार काठाला टेकलं होतं.

वेटर हसला. “सगळी मंडळी एकाच बाजूला गेलीत ना आजी, म्हणून बोट कलते. जागेवर येऊन बसली की होते सरळ. दरवेळचंच आहे.”

“ऐकलंस?” मी म्हणाले. “तू म्हणजे नाटकालासुद्धा वेळ आली तर पळता यावं म्हणून दाराजवळची खुर्ची धरणारी!”

शेवटचा बार आभाळभर फुटला. टाळ्या झाल्या. सगळे गलका करत आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले. आइस्क्रीमचा ट्रे घेऊन आलेला वेटर आमच्या टेबलाशी थबकला आणि वाडग्याकडे बघतच राहिला. आत्यानं पर्स खांद्याला अडकवली.

डाव्या कठड्याशी आता कुणीच नव्हतं. सूप मात्र डाव्या काठावरून सांडायला लागलं होतं.