एकच मोजा

दहाव्याला आबांचे कपडे देऊन टाकले, तेव्हा लेकीने त्यांचे लोकरी मोजे उशीखाली लपवले. सकाळी एकच उरला. ‘मेलेल्याचं घरात ठिवू न्हाय, वन्सं,’ वहिनीच म्हणाली होती. तिनेच चुलीत घातला असणार. मग आबांच्या खंड्याने खाणं सोडलं. ‘धन्यासाठी झुरतंय बिचारं,’ वहिनी म्हणाली. झुरणारं कुत्रं पाणीही का ओकेल? पोटाला हात लावताच का गुरगुरेल? हिनेच काही खायला घातलं तर नसेल? लेकीने बारामतीला जनावरांच्या डॉक्टरकडे जायला रिक्षा बोलावली. वहिनी न विचारता आत बसली, खंड्याचं डोकं मांडीवर घेऊन. हा पुळका कशाला? ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, ‘हे आतड्यात अडकलं होतं. उद्या आणला असता, तर वाचला नसता.’ ट्रेमध्ये राखाडी मोजा होता. लेकीला मान वर करवेना. ‘द्या हिकडं, वन्सं. धुवून आणते. जोडी हुईल.’